बॉनेट नसलेली गाडी

हेमू गेल्याचा फोन आला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो असा, "गाडीत होता का?" फोनवर वर्षा होती, माझी भावजय. ती रडतही नव्हती, नुसते मोठेमोठे श्वास घेत होती. "नाही ताई," ती म्हणाली. "ऑफिसात होता. चहाचा कप हातात घेतला आणि खुर्चीतच..." पुढचं तिला बोलवेना. मी स्वयंपाकघरात गॅससमोर उभी होते. गाडीत नव्हता, हे ऐकून माझे ताठलेले खांदे आपोआप खाली आले. इतकी वर्षं मी ज्या फोनची वाट पाहत होते तो हा नव्हे, असं काहीसं मनात आलं असावं. मग पुढच्या श्वासाला कळलं की फोन तोच आहे, आणि माझा धाकटा भाऊ या जगात राहिलेला नाही. मी गॅस बंद केला, पुन्हा चालू केला, पुन्हा बंद केला. विनयने, माझ्या नवऱ्याने, मला हाताला धरून बसवलं. त्याला दीड महिना होऊन गेला. या काळात भेटायला आलेल्या प्रत्येकाने हेमूच्या गाडीबद्दल विचारलं, आणि प्रत्येक वेळी मी विषय बदलला. म्हणून हे लिहायला बसले आहे. त्याच्याबद्दल लिहायचं तर त्या गाडीबद्दल लिहावं लागणार, आणि तिच्याबद्दल लिहायचं तर माझ्या भीतीबद्दल.

ही भीती जुनी आहे. आमचे बाबा साताऱ्याजवळ घाटात जीपच्या अपघातात गेले. उतारावर ब्रेक लागले नाहीत, एवढंच आम्हाला सांगण्यात आलं. मी तेव्हा दहावीला होते आणि हेमू प्राथमिक शाळेत. त्याला सांगायचं काम मोठ्यांनी माझ्यावर टाकलं. मी त्याला अंगणात नेऊन सांगितलं, तर त्याने रडायच्या आधी विचारलं, "ब्रेक का नाही लागले?" हा प्रश्न त्याने नंतर शेजाऱ्यांना विचारला, मामाला विचारला, गॅरेजवाल्याला विचारला, आणि बहुधा तोच विचारत विचारत तो इंजिनिअर झाला. मी विज्ञानाची शिक्षिका झाले. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर चौपट होतं, हे मी मस्कतच्या शाळेत पिढ्यान्‌पिढ्या पोरांना शिकवलं आणि स्वतः मात्र रिक्षाने वळण जरा जोरात घेतलं तरी डोळे मिटले. एकाच घरातली आम्ही दोन मुलं, एकाच प्रसंगातून बाहेर पडलो आणि दोन वेगळ्या दिशांना गेलो. मी यंत्रापासून जेवढं लांब राहता येईल तेवढी राहिले. तो त्याच्या पोटात शिरला.

लग्न होऊन मी आधी मस्कतला आले. हेमू काही वर्षांनी आला, जनरेटरची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत. सुरुवातीला तो हमरियात एका खोलीत तिघांबरोबर राहायचा आणि शुक्रवारी आमच्याकडे मदिनत सुलतान काबूसला जेवायला यायचा. आला की हात धुवायच्या आधी आमच्या गाडीचं बॉनेट उघडायचा. वरण-भात, लिंबू, तूप एवढंच त्याला लागायचं, पण जेवताना विषय एकच. कुणाकडे कुठली जुनी गाडी आहे, तिचं काय करता येईल. पुढे लग्न झालं, सई झाली, घर अल खुवेरला झालं, तरी शुक्रवारचं जेवण आणि हा विषय सुटला नाही. वर्षा त्याला चिडवायची की माझ्या आधी पत्रिका गाडीशी जुळवली होती का तुझी. तो खरंच विचार केल्यासारखा चेहरा करायचा.

ती गाडी त्याला मस्कतपासून लांब, किनाऱ्यावरच्या खाबुऱ्यात सापडली. एका शेतावर जनरेटर दुरुस्त करायला गेला होता. मालकाचा नातू खलफान याच्याशी बोलता बोलता गोठ्यामागे गेला, तर खजुराच्या झावळ्यांखाली एक अमेरिकन बनावटीचा पिकअप. नातू काय, त्याचे वडीलही लहान असतील तेव्हापासूनचा. दिवे गेलेले, लाकडी हौदा कुजलेला, सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. खलफानचे आजोबा तरुणपणी त्यातून लिंबं आणि सुकी मासळी घेऊन, धड रस्ता नसलेल्या किनाऱ्याने मस्कतला जायचे म्हणे. दारावर त्यांचं नाव कुणीतरी हाताने रंगवलेलं होतं, ते अजून पुसट दिसत होतं. हेमूने तिथूनच मला फोन केला. त्याचा आवाज ऐकून मला वाटलं लॉटरी लागली की काय. खलफानने ती गाडी त्याला देऊन टाकली, पण एका अटीवर. चालू झाली की पहिली फेरी आजोबांची. हेमूने कबूल केलं, आणि कोंबड्यांची सोय दुसरीकडे होईपर्यंत थांबून मगच तो पिकअप ट्रेलरवर चढवला.

मला वाटलं, हा आता ती पूर्वीसारखी करणार. जुनं तसंच्या तसं उभं करायचं, रंग द्यायचा, चकचकीत ठेवायची. तसं करणारे इथे बरेच आहेत आणि त्याला माझी काही हरकत नव्हती, कारण तशा गाड्या बहुतेक वेळ उभ्याच असतात. हेमूला ते नको होतं. त्याला हॉट रॉड करायची होती. हा शब्द मी त्याच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. म्हणजे शरीर जुनंच, पण आत मोठ्या ताकदीचं इंजिन, आणि जे जे नको ते काढून टाकायचं. घला भागात एका मित्राच्या वर्कशॉपचा कोपरा त्याने घेतला आणि पुढची काही वर्षं त्याचे शुक्रवार तिथे गेले, जेवायला मात्र आमच्याकडे यायचा. छप्पर कापून चार बोटं खाली घेतलं. पुढचे मडगार्ड काढले. एका अपघातातल्या गाडीचं आठ सिलिंडरचं इंजिन आणून बसवलं, ते मावेना म्हणून बॉनेटच काढून टाकलं. रंग दिलाच नाही. गंज होता तसा ठेवून त्यावर पारदर्शक थर चढवला, दारावरचं आजोबांचं नाव त्याखाली जपलं. परवानग्या, तपासणी, मुल्किया म्हणजे गाडीची नोंदणी, सगळं रीतसर केलं. इथे गाडीत असे बदल करणं खेळ नाही, आणि त्याबाबतीत तो काटेकोर होता.

मी एकदा वर्कशॉपमध्ये जाऊन पाहिलं आणि सरळ सांगितलं की हे मला मुळीच आवडलेलं नाही. म्हाताऱ्या माणसाच्या छातीत पैलवानाचं काळीज घालून त्याला पळायला लावायचं, याला जपणं म्हणतात का? त्याला राग आला नाही. त्याने हात पुसले आणि म्हणाला, "ताई, जशीच्या तशी केली तर ती त्या काळातच राहते. लोक लांबून बघतात आणि जातात. हिला आजच्या रस्त्यावर धावायचंय." मग म्हणाला, "आणि हिच्यात काय आहे ते सगळं मला माहितीय. एकही नट असा नाही जो मी बसवला नाही." हे त्याने मला धीर यावा म्हणून सांगितलं असणार. मला उलट धडकी भरली. कंपनीने केलेल्या गाडीत चूक झाली तर दोष देता येतो. इथे सगळं एका माणसाच्या हातावर, आणि तो हात मी पाटी-पेन्सिल धरायला शिकवलेला...

या गाड्यांचं लोकांना काय एवढं वेड असतं, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. विनय मला एकदा कुरुमच्या समुद्राजवळ सकाळी घेऊन गेला. तिथे हे सगळे जमायचे. पांढरा पायघोळ दिश्दाशा घातलेली तरुण ओमानी मुलं, एक निवृत्त इंग्रज जोडपं, केरळचा एक दंतवैद्य, आणि आमचा हेमू. नव्या कोऱ्या महागड्या गाड्या बाजूने जात होत्या, त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. या गंजक्या पिकअपभोवती मात्र घोळका. मी लांब आमच्या गाडीत बसून पाहत होते. येणारा प्रत्येक माणूस आधी दाराला हात लावायचा, मग उघड्या इंजिनावर वाकायचा. नव्या गाडीचं पोट कुणाला दिसत नाही, सगळं प्लास्टिकच्या झाकणाखाली असतं. इथे सगळं उघडं होतं, कुठली दांडी कुठल्या दांडीला हलवते ते लहान मूलही सांगू शकलं असतं. एखादं काम आपल्या हाताने पुरं केलेलं दिसतं, त्याची माणसाला भूक असते बहुतेक. मला ती भूक समजली. भीती तेवढी कमी झाली नाही.

आजोबांची फेरी झाली त्या दिवशी आम्ही सगळे खाबुऱ्याला गेलो होतो. आजोबा फार थकले होते, खलफान आणि हेमूने त्यांना जवळजवळ उचलूनच सीटवर बसवलं. शेतापासून समुद्रापर्यंत आणि परत, एवढीच फेरी. मी सगळा वेळ धुळीच्या लोटाकडे पाहत उभी होते, तो लोट परत आपल्याकडे वळेपर्यंत. उतरल्यावर आजोबा खलफानशी काही बोलले. खलफानने हिंदीत सांगितलं की ते म्हणतायत, आवाज तिचा नाही, पण आत बसलं की तीच आहे. हेमूने मान वळवून घेतली आणि इंजिनात काहीतरी तपासायला लागला. तिथे तपासायला काही नव्हतं.

आणि मग तो दसरा. दसऱ्याला गाडीची पूजा आमच्याकडे कुणी चुकवत नाही. रुवीतून झेंडूचे हार आणायचे, गाडी धुवायची, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, नारळ. आमरातला राहणाऱ्या एका मित्राकडे सगळे जेवायला जमले होते आणि पार्किंगमध्ये गाड्यांची रांग लागली होती. प्रत्येकाने आपापल्या बॉनेटवर हार घातला. हेमूच्या गाडीला बॉनेटच नव्हतं. कुणीतरी थट्टा केली की हिला हार कुठे घालणार, हिचं डोकं उडालंय. तेव्हा त्याने हार स्वतःच इंजिनावर बांधला. हवा आत ओढणारी चार तोंडं वर आलेली होती, त्यांना गुंडाळून. फार सुंदर दिसत होतं ते, काळ्या लोखंडावर केशरी झेंडू. सगळ्यांनी फोटो काढले. जेवण झाल्यावर विनयला तिथून परस्पर विमानतळावर जायचं होतं, वर्षा आणि सई आवराआवरीला थांबल्या होत्या, म्हणून हेमू म्हणाला, ताई, मी सोडतो तुला. सणाच्या दिवशी नाही म्हणायचं जिवावर आलं. हातात आपट्याची पानं घेऊन मी त्या गाडीत बसले.

आमरातहून बौशरकडे उतरणारा डोंगरातला रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. उतार इतका की ब्रेक गेलेल्या गाड्यांसाठी कडेला खडीचे पट्टे करून ठेवलेत. आम्ही उतरायला लागलो आणि दुसऱ्या की तिसऱ्या वळणाच्या अलीकडे इंजिनाचा आवाज बदलला. हेमूने पाय उचलला होता, हे मला दिसलं, पण गाडी कमी होण्याऐवजी पुढे उसळली. हाराचा दोरा सुटून ऍक्सिलरेटरच्या दांडीत गुंतला होता आणि दांडी उघडी ती उघडीच राहिली होती. हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की पुढे कठडा आहे आणि आपण त्याच्याकडे जातोय. त्याने गिअर काढला, तसं इंजिन जे किंचाळलं ते मला आजही मिक्सर लावला की ऐकू येतं. एक पाय ब्रेकवर दाबून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून तो वळण काढत होता. "ताई, चावी," तो म्हणाला. मी वाकले, हात लांब केला. इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो, आणि चावी स्टिअरिंगच्याही पलीकडे, त्याच्या डाव्या हाताला होती. माझा हात पोचला नाही. सीटचा पट्टा आवळला गेला, मी पुन्हा प्रयत्न केला, बोटं त्याच्या मनगटापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. माझ्या डोळ्यांसमोर साताऱ्याचं आमचं अंगण आलं. या वेळी तिथे कुणाला उभं करून कोण सांगणार, एवढाच विचार डोक्यात होता...

त्याने गाडी खडीच्या पट्ट्यात घातली. चाकं रुतली, आम्ही दोघं पुढे फेकले गेलो, सीटच्या पट्ट्याने परत ओढलं. मग त्याने चावी फिरवली. एकदम शांत झालं, आणि जळलेल्या झेंडूचा वास आला. गोडसर, कडवट. आपट्याची पानं माझ्या मुठीत चुरून गेली होती. हेमूने उतरून इंजिन पाहिलं, दोरा बोटाने सोडवला, बराच वेळ तो नुसता हातात धरून उभा राहिला. मग माझ्याकडे आला. "ब्रेक टिकले, ताई," तो म्हणाला. आणि जरा वेळाने, "वर्षाला सांगू नकोस." मी त्याला सांगितलं की नाही सांगणार, पण या गाडीत मी पुन्हा पाय ठेवणार नाही. त्याने मान हलवली. आम्ही दोघं भावंडं त्या खडीत उन्हात बसून राहिलो, मदतीची गाडी येईपर्यंत.

मी माझा शब्द पाळला. दोन्ही शब्द पाळले. वर्षाला सांगितलं नाही आणि गाडीच्या जवळही फिरकले नाही. दर शुक्रवारी सकाळी तो फेरीला निघाला की माझा जीव टांगणीला. भाजी चिरताना कान रस्त्याकडे. कुठल्याही गाडीचा दणदणाट ऐकला की हात थांबायचा. बातिनाच्या, म्हणजे खाबुऱ्याकडे जाणाऱ्या, हमरस्त्यावर अपघात झाल्याचं कुणाच्या स्टेटसवर दिसलं की आधी शुक्रवार आहे का ते बघायचे. दुपारी जेवणाच्या आधी, तो गाडी घरी लावायच्या सुमारास, माझा फोन ठरलेला. "पोचलास?" आणि पलीकडून, "यल्ला ताई, पोचलो. पानं घे." एवढंच. ते ऐकलं की मी कुकर लावायचे. तो दर वेळी आल्यावर विचारायचा, येतेस का एकदा, आता तुझ्यासाठी सोय केलीय. मी म्हणायचे, तुझ्या सोयीत मला बसायचं नाही. मला वाटायचं मऊ गादी वगैरे घातली असेल. सोय कसली, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. गाडीचा प्रत्येक नट तपासणारा हा माणूस स्वतःची छाती तपासून घे म्हटलं की हसण्यावारी न्यायचा, याचा मला अजून राग येतो.

त्याचे अंत्यसंस्कार किनाऱ्याने वर, सोहारच्या दहनभूमीत झाले. मस्कतहून जाताना वाटेत खाबुरा लागतं. हमरस्त्याच्या कडेला, शेताकडे वळतो त्या फाट्यावर, खलफान आपली गाडी घेऊन उभा होता. आमच्या गाड्या दिसल्या तसा तो मागे लागला. आजोबा आता नाहीत. त्याने सोहारला मला भेटून फक्त माझे हात धरले. परतताना मी खिडकीतून त्या फाट्याकडे पाहिलं आणि मला धुळीचा लोट आठवला.

दिवस झाल्यावर प्रश्न आला गाडीचा. ती अल खुवेरच्या इमारतीखाली कापडाखाली उभी होती. वर्षाला ती नजरेसमोर नको होती. खलफान म्हणाला, इन्शाल्ला, मी शेतावर नेऊन ठेवतो, जिथून आली तिथे. मला तो देवाने सुचवलेला मार्ग वाटला. मी लगेच हो म्हटलं. तेव्हा सई बोलली. सई पुण्याला मेकॅनिकल शिकते, वडील गेल्यापासून तिच्या तोंडून फार शब्द निघाले नव्हते. "नको," ती म्हणाली. "I mean, थँक यू अंकल, पण नको. गाडी मी चालवणार." बाबाने तिला शिकवलंय, तिच्याकडे लायसन्स आहे, सुट्टीत ती आणि बाबा बरोबर जायचे. मला पुढचं सगळं दिसायला लागलं. पुन्हा शुक्रवार, पुन्हा तो आवाज, पुन्हा फोनची वाट. एक जण असा गेला की गाडीचा संबंधही नव्हता, म्हणून आता गाडीने दुसरं मागावं?

मी सांगून टाकलं. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं, दसरा, हार, उतार, न पोचलेला हात, सगळं. शिक्षिकेच्या आवाजात सांगितलं, म्हणजे पोरीला धाक बसावा. वर्षा घाबरेल याचाही विचार केला नाही. सगळं सांगून झालं आणि मी बघते तर दोघींपैकी कुणीही दचकलेलं नव्हतं. वर्षाने हळूच सांगितलं, "ताई, त्याने त्याच रात्री सांगितलं होतं मला. तुम्ही मला सांगितलं नाही, याचं त्याला फार कौतुक होतं." सई उठली आणि माझ्यासमोर येऊन बसली. "आत्या, मला पण सांगितलं होतं. म्हणूनच तर तुझं बटण आहे ना."

मला काही कळेना. ती मला हाताला धरून खाली घेऊन गेली. कापड काढलं. मी इतक्या वर्षांनी त्या गाडीला हात लावत होते, दारावरच्या आजोबांच्या नावापाशी. सईने माझ्या बाजूचं दार उघडलं. बसणाऱ्याच्या समोर, अगदी हाताशी, एक लाल बटण होतं, जेवायच्या ताटातल्या वाटीएवढं. दाबलं की इंजिन बंद. त्याच्याखाली पांढऱ्या रंगाने, हेमूच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, 'आत्या'. सई म्हणाली, "खडीतून गाडी काढून आणली त्याच आठवड्यात लावलं बाबाने. मला म्हणाला, आत्याला भीती वाटते ते करेक्ट आहे. She's the only one who does the maths." बटणाच्या मधला रंग उडून खालचं पांढरं दिसत होतं. मी विचारलं, एवढं कुणी दाबलं? मी तर कधी बसलेच नाही. सईने ड्रायव्हरच्या जागी बसून मला दाखवलं. "असं. प्रत्येक वेळी, आत्या. कुठेही पार्क केलं की असा इकडे वाकायचा आणि इथून बंद करायचा. मी एकदा म्हटलं, बाबा, चावी आहे की. तर म्हणाला, ज्या दिवशी आत्या बसेल त्या दिवशी हे चाललंच पाहिजे."

मी तिथे पार्किंगमध्ये, दाराला धरून, त्याच्यासाठी पहिल्यांदा मोठ्याने रडले. वरच्या मजल्यावरचं कुणीतरी गॅलरीत आलं. सई तशीच वाकलेली, तिला काय करावं कळेना, ती नुसती "आत्या, आत्या" म्हणत राहिली.

पुढच्या शुक्रवारी मी बसले. शहाणपण आलं म्हणून नव्हे. ही मुलगी जाणारच, हे मला दिसत होतं, आणि मी नाही बसले तर त्या बटणापाशी कुणीच नसेल, या भीतीने बसले. सईने आधी सगळं तपासलं, चाकं, ब्रेक, दांड्या, तिच्या बाबासारखंच, तोंडाने पुटपुटत. इंजिन चालू झालं आणि मी सीटचा पट्टा पुन्हा एकदा ओढून पाहिला. आम्ही डोंगराच्या रस्त्याला गेलो नाही. कुरुमला समुद्राच्या कडेने गेलो, अगदी सावकाश, आणि जाताना-येताना संपूर्ण वेळ माझा तळवा त्या लाल बटणावर होता. दाबलेला नव्हता, नुसता ठेवलेला. मध्यभागी जिथे रंग उडालाय तिथे ते जरा खोलगट लागतं. एका वळणावर कुणी आडवं आलं, सईने ब्रेक लावला, मी डोळे मिटले आणि उघडले. भीती गेली असं मी लिहिणार नाही, ती तशीच आहे. फक्त आता तिला बसायला एक जागा आहे, आणि ती जागा त्याने ठरवून केली होती. दर शुक्रवारी आम्ही जातो. सईची सुट्टी संपत आलीय, पुढचं पुढे बघू.

त्या पहिल्या दिवशी परत आलो, सईने गाडी इमारतीखाली तिच्या जागेवर लावली. इंजिन चालूच होतं, सगळी गाडी हलत होती. माझी नेहमीची फोन करायची वेळ झाली होती आणि रिकामा हात पर्सकडे गेलासुद्धा होता. सईने चावीला हात लावला नाही. माझ्याकडे पाहत वाट बघत राहिली. मग मला कळलं आणि मी बटण दाबलं. इंजिन एका दमात बंद झालं.

"पोचलो, आत्या," सई म्हणाली.

मी वर जाऊन कुकर लावला.